शाळेपाशी

बकाराम मेश्रामला गावं दोन होती. एक पाण्याच्या वर, एक पाण्याच्या खाली. राहायचा वरच्या गावात, बोलायचा खालच्या गावातलं, आणि त्यावरून घरात रोज एकदा तरी ठिणगी पडायची.

आता यात त्याची काय चूक, तुम्हीच सांगा! तो चौथीत असताना धरणाची पाळ पुरी झाली आणि कोसमघाट पाण्यात गेलं. सरकारनं लोकांना उचलून तीन किलोमीटर वर, मुरमाड टेकाडावर नेऊन बसवलं आणि त्याला नाव दिलं नवं कोसमघाट. नवी शाळा, नवा मारुती, नवी विहीर. शेतकऱ्यांना कुठं कुठं धानाची बांधी मिळाली. ढिवरांना, बकारामसारख्या मासे धरणाऱ्यांना, काय मिळणार? त्यांच्याजवळ डोंगे होते, जाळी होती. ते परत पाण्यावर गेले. आणि पाण्यावर गेल्यावर जागांना नावं तर पाहिजेत. चहूकडे सारखंच पाणी. मग ज्या जागेखाली जे बुडालं होतं, तेच त्या जागेचं नाव राहिलं. "जाळं कोठी टाकलं गा?" "विहिरीवर. अना तू?" "आमराईत. मरळ बेस लागून राहिली." सडक अर्जुनी गावचा मासळीवाला पहिल्यांदा घाटावर आला आणि हे ऐकून चक्रावलाच. आमराईत मरळ म्हणे! त्याला वाटलं, ही माणसं सकाळीच मोहाची घेऊन बसलेली दिसतात.

जुने ढिवर एकेक करून गेले. नव्या पोरांनी नागपूर-रायपूर धरलं. खालचं गाव गल्लीगल्लीनं पाठ असलेला बकारामच काय तो उरला. पाण्याच्या मधोमध डोंगा थांबवून तो सांगायचा, अठी आमचा गोठा, अठी तेलघाणी, अना हे शाळा. शाळा दगडाची होती. गाव सोडताना लोकांनी तिची दारं नेली, छपराचे कवेलू नेले, मयाली म्हणजे लाकडी तुळया नेल्या. मागची दगडी भिंत मात्र कोणाच्यानं हलली नाही. पावसाळ्यात तिच्यावर तीन पुरुष पाणी असायचं. पण वैशाखात धरण उतरलं, की भिंतीचा माथा पाण्याखाली हात-दीड हातावर यायचा. वरून दिसायचा नाही, पण असायचा. शाळा म्हटलं, की बकारामच्या डोळ्यांसमोर तीच भिंत यायची. तिच्या सावलीत तो पाढे शिकला होता आणि तिच्याच सावलीत पाढे न आल्याबद्दल मारही खाल्ला होता.

त्याचा पोरगा खुशाल. एकुलता एक, सत्ताविसाचा, अंगानं दणकट, तोंडानं फटकळ. जन्मला वरच्या गावात, शिकला सडकेवरच्या नव्या शाळेत. दोन वर्षं नागपूरच्या हॉटेलात काम करून परत आला तो एक कल्पना घेऊनच आला. हॉटेलात उतरणारे लोक म्हणायचे, तुमच्याकडे जंगल आहे, तलाव आहेत, पण फिरवणारं कोणी नाही. खुशालनं एक जुनी फायबरची बोट आणली, तिला मोटर बसवली, निळा रंग दिला आणि दिवाळीपासून लोकांना दूरच्या काठानं फिरवायला लागला.

दूरचा काठ म्हणजे डोंगराचा काठ. तिकडे सडक नाही, पायवाट नाही, पाण्यावरूनच जायचं. काळा खडक सरळ उभा पाण्यात उतरलेला आणि त्याच्यावर पांढऱ्या बुंध्याची कडईची झाडं. पुढं बांबूचं रान, मग एका नाल्याचं तोंड, तिथं संध्याकाळी गवे पाण्यावर येतात. बुडालेल्या झाडांचे शेंडे अजून उभे आहेत, त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात. नशीब असलं तर पाणमांजराची जोडी दिसते. मोटर बंद केली, की इतकं शांत होतं, की शहरातली माणसं आपसूक हळू बोलायला लागतात. बकारामनं जन्मभर त्या काठाला मासे धरले. तो पाहायलाही लोक येतील हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पण आले. पोरानं करून दाखवलं आणि बकारामला त्याचा अभिमान होता. तोंडानं बोलला नाही ही गोष्ट वेगळी.

सुरुवातीला तोही बोटीवर जायचा. मागं बसायचा, हातात लांब बांबू धरून. खुशाल पुढून सांगायचा, "डाव्या हाताले पहा, पाणमांजर."

"डावा हात काय सांगतेस," बकाराम मागून म्हणायचा, "बरडीपाशी म्हण. गुजराच्या बरडीपाशी."

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण एक दिवस नागपूरचे चार पाहुणे होते, आणि बोट गावठाणावर आली तशी म्हाताऱ्याला राहवलं नाही. "पाहुणे, तुमी आता आमच्या मारुतीच्या डोक्यावर बसून आहा!" त्यातल्या एका बाईनं घाबरून चपला काढल्या आणि बाकीचा सगळा वेळ ती हात जोडून बसली. गवे दिसले, बगळे दिसले, तिचं कशात लक्ष नाही. ना फोटो, ना काही.

त्या दिवशी घरी आल्यावर खुशाल भडकला. "बाबा, उद्यापासून तू नोको येऊ बोटीवर."

"काऊन?"

"लोक जंगल पाहाले येतेत, पाखरं पाहाले येतेत. तू त्याइले मेलेलं गाव दाखवतेस."

"मेलेलं कोन म्हणते? आजूक शाळा उभी हाय तठी."

"शाळा सडकेवर हाय!" खुशालचा आवाज चढला. "मी शिकलो ते शाळा. तुही शाळा मरून पन्नास वर्सं झाले. परवा दुर्गेश्वरीले म्हणलास, खुशाल शाळेपाशी हाय, भाकर देऊन ये. ते बिचारी सडकेवर जाऊन उन्हात तासभर उभी राहिली, अना मी पाण्यावर उपाशी. एका घरात दोन दोन शाळा कशा चालतीन? आजपासून शाळा म्हणजे सडकेवरची. पाण्यातलीचं नाव काढू नोको."

दुर्गेश्वरी म्हणजे खुशालची बायको, नागरा गावची पोरगी, दोन वर्षांमागं लग्न होऊन आलेली. ती खाली मान घालून धान पाखडत राहिली. बकारामची बायको रुख्मा मात्र बोलली. ती खालच्याच गावची, लहानपणापासून बकारामची शेजारीण. "राहू दे ना रे," ती पोराला म्हणाली, "बुढ्याच्या तोंडातली गोष्ट हाय, तुहं काय खाते?" पण खुशाल ऐकणाऱ्यातला नव्हता.

बकारामला ते लागलं, चांगलंच लागलं. दोन दिवस तो पोराशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी डोंग्यात एकटा बसून त्यानं विचार केला. घर आता पोरगा चालवतो. दिवस त्याचे आहेत. आपल्या मागं ही नावं कोण घेणार? मग कशाला उगीच घरात भांडण? संध्याकाळी घरी आला आणि खुशालला म्हणाला, "शाळेजवळच्या दुकानातून तंबाखू आणजो."

खुशालनं एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. "सडकेवरच्या?"

"मंग? दुसरी कोणती शाळा हाय?"

खुशाल हसला नाही. गुपचूप गेला आणि तंबाखू घेऊन आला. तेव्हापासून चार महिने बकारामच्या तोंडून घरात पाण्यातल्या शाळेचं नाव निघालं नाही. जीभ चावून चावून त्यानं सवय मोडली. माणसानं म्हातारपणी एवढं करावं, हे काही लहान नाही.

मग मे महिना आला.

तेंदूपत्त्याचे दिवस. रुख्मा पहाटे रानात जायची, दुपारपर्यंत दुर्गेश्वरीसोबत पानांचे पुडे बांधायची आणि ऊन कलल्यावर पुडे घेऊन फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात तिथं, जायची. त्या दिवशी गोंदियाचं एक कुटुंब आलं होतं. कापड दुकानवाले इंद्रकुमार, त्यांची बायको नीतू आणि आठ वर्षांची मुलगी आचल. गोंदियाचे लोक, बोलणं सगळं हिंदीत. खुशालनं तिघांना तरंगायची जाकिटं घातली. स्वतःचं जाकीट मोटरसायकलच्या हँडलला लटकवून ठेवलं. ढिवराच्या पोरानं जाकीट घालायचं? लोक हसले असते!

बकाराम घाटापर्यंत गेला होता. हवा पार पडली होती, एक पान हलत नव्हतं. धरणाच्या पलीकडे आभाळाचा रंग त्याला आवडला नाही.

"चारच्या आत पलट," तो म्हणाला. "अना येताना गावठाणावरून नोको येऊ. पाणी उतरून हाय."

"हो रे बाबा. मले कायले शिकवतेस?" खुशाल हसत म्हणाला आणि मोटर सुरू केली. आचलनं बकारामला टाटा केला. निळी बोट दूरच्या काठाकडे निघून गेली आणि बकाराम घरी येऊन बाजेवर आडवा झाला.

चारच्या सुमाराला वादळ आलं. आधी धूळ, मग वारा, मग थोडे मोठे मोठे थेंब आणि परत वारा. शेजारी भैय्यालालच्या गोठ्यावरचा पत्रा उडून बोरीच्या झाडात अडकला. दुर्गेश्वरी तेंदूची पानं गोळा करत अंगणभर पळत होती. बकाराम दारात उभा राहून घाटाकडे पाहत होता. रोज खुशाल चारला घाटावर उतरायचा आणि पाहुण्यांना त्यांच्या गाडीत बसवून, तंबाखू-किराणा घ्यायला सडकेवरून फिरून घरी यायचा. आता आला असेल, असं बकारामनं मनाशी म्हटलं. वाऱ्याआधीच निघाला असेल. हुशार आहे.

साडेचारला फोन वाजला.

"बाबा..." वाऱ्याचा घरघर आवाज, त्यात खुशालचा तुटक आवाज. "बाबा, शाळेपाशी आहो. पायाले लागलं. लय रगत... लवकर ये..."

"खुशाल! अरे, कोठी..." फोन कटला. परत लावला, तर बाई सांगायला लागली की संपर्क क्षेत्राच्या बाहेर. त्यात नवल नव्हतं. वारा सुटला की अख्ख्या गावाचे फोन मरायचे.

एक क्षण, अगदी एकच क्षण, बकारामच्या डोळ्यांपुढं ती भिंत आली. पाण्याखालची. आणि त्यानं स्वतःच तिला बाजूला सारलं. नाही. आता शाळा म्हणजे सडकेवरची. पोरानंच बजावून सांगितलं ना? त्याच्या तोंडात दुसरी शाळा नाहीच.

"काय म्हणले?" दुर्गेश्वरीनं विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

"शाळेपाशी हाय म्हणते. पायाले लागलं. गाडीवरून पडला वाट्टे."

"त्याच वळणावर! गिट्टी पसरून ठेवली हाय तठी, रोज कोणी ना कोणी पडते. जा ना बाबा, लवकर जा!" ती घरात पळाली आणि हळद अन् जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन आली. रुख्मा असती तर... पण रुख्मा फळीवर होती.

भैय्यालालनं मोटरसायकल काढली. बकाराम मागं बसला, मुठीत हळदीची पुडी. घाट गावाच्या खालच्या बाजूला, शाळा वरच्या बाजूला. गाडी वर निघाली. वाटेत मोहाची एक फांदी आडवी पडली होती, ती दोघांनी मिळून ओढली. वारा तोंडावर माती मारत होता.

शाळेपाशी कोणी नव्हतं.

सुट्ट्या लागलेल्या, फाटकाला कुलूप. वळणावर गिट्टी होती, पण पडल्याची खूण नव्हती, गाडी नव्हती, रक्त नव्हतं. बकारामनं नालीत उतरून पाहिलं. शाळेच्या मागं जाऊन पाहिलं. "खुशाल! अरे खुशाल!" असं ओरडत तो शाळेच्या भोवती दोनदा फिरला. भैय्यालालनं दुकानाचं बंद दार वाजवलं. आतल्या बाईनं ओरडून सांगितलं, इकडे कोणी आलं नाही. कोणी गाडीवर बसवून सडक अर्जुनीच्या दवाखान्यात तर नेलं नसेल? दोघं हायवेच्या दिशेनं पुलापर्यंत जाऊन आले. तिथंही काही नाही. परत शाळेपाशी. पोरगा रक्त सांडत पडला आहे आणि आपल्याला दिसत नाही, आपल्याला हाक ऐकू येत नाही, या विचारानं तो वेडा व्हायला आला होता.

तेवढ्यात शाळेचा चपराशी रामलाल सायकल ओढत खालच्या बाजूनं आला. तो भावाकडे घाटाजवळ गेला होता.

"खुशालले पाहलास का गा?" भैय्यालालनं विचारलं.

"नाही बा. पण त्याची गाडी तं घाटावरच उभी हाय. हँडलले जाकीट टांगून हाय, वाऱ्यानं फडफडून राहिलं."

बकारामनं ते ऐकलं. तो गिट्टीवरच खाली बसला. हळदीची पुडी फुटली, सगळी हळद वाऱ्यावर उडाली.

"शाळेपाशी," तो म्हणाला.

"अगा, शाळेपाशीच तं आहोत," भैय्यालाल म्हणाला.

"खालच्या! भैय्यालाल, खालच्या शाळेपाशी! पाण्यात!"

मग काय झालं ते बकारामला नीट आठवत नाही. गाडी कशी घाटावर आली, डोंग्याची दोरी कोणी सोडली, काही नाही. एवढंच आठवतं, की लाटा समोरून येत होत्या आणि तो वल्हं मारत होता, भैय्यालाल पुढं बसून दुसरं वल्हं मारत होता, आणि डोंगा जागचा हलत नव्हता. बासष्ट वर्षांच्या खांद्यात कितीसा जोर असणार! तरी मारत राहिला. तोंडानं पुटपुटत होता, गोठा, तेलघाणी, मारुती. त्या ओळीनं गेलं तर शाळा लागते. डोळे मिटूनही त्याला ती वाट चुकली नसती.

धूळ थोडी खाली बसली तेव्हा ते दिसले. धरणाच्या मधोमध चार माणसं उभी होती. पाणी त्यांच्या गुडघ्याला लागत होतं आणि चहूकडे दुसरं काही नव्हतं. भैय्यालालच्या तोंडून "अरे देवा" निघालं. त्याला वाटलं भूत आहे. बकारामला माहीत होतं. ती शाळेच्या भिंतीवर उभी होती.

मधोमध इंद्रकुमार. त्यांनी खुशालला मागून काखेत हात घालून धरलं होतं. त्यांच्या कमरेला लटकून आचल, आणि दुसऱ्या बाजूला नीतू, जिची ओढणी खुशालच्या मांडीला करकचून बांधलेली होती. ओढणीचा रंग काय होता ते आता सांगता येत नव्हतं. बोट दिसत नव्हती.

"खुशाल," बकाराम म्हणाला. "आलो रे. आलो मी."

खुशालची मान छातीवर होती. बकारामनं डोंग्यातून हात पुढं करून त्याच्या गालाला लावला. पाण्यातल्या माणसाचा गाल गारच असतो, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण ढिवराच्या हातानं जन्मभर मेलेलं आणि जितं ओळखलेलं असतं. हाताला कळलं.

"अभी तक बोल रहे थे, काका," नीतू म्हणाली. तिचे दात वाजत होते. "अभी दस-पंद्रह मिनट पहले तक बोल रहे थे."

इंद्रकुमार त्याला सोडायला तयार नव्हते. भैय्यालालनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली. आधी आचलला घेतलं, मग खुशालला, मग त्या दोघांना. सहा माणसांनी डोंगा काठोकाठ पाण्याला टेकला. बकाराम मागं बसून वल्हं मारायला लागला. पोराचं डोकं त्याच्या पायांवर होतं. रडणं येत नव्हतं. वल्हं थांबवलं तर ही तिघंही जातील, एवढंच त्याला कळत होतं.

नीतू मात्र थांबत नव्हती. ती बोलतच होती, कोणी ऐको न ऐको. जाताना खुशालनं डोंगराचा काठ दाखवला. येताना अजून वारा नव्हता, तेव्हा आचलनं विचारलं, पाण्याखाली काय आहे? तर म्हणाला, पाण्याखाली माझं गाव आहे, चल दाखवतो. आणि गावठाणावर बोट आणली. मोटर बंद करून हळूहळू फिरवलं. हा आमचा गोठा. ही तेलघाणी. हा मारुती, त्याला नमस्कार कर. सगळं सांगितलं. रोज सगळ्यांना सांगतो म्हणाला. बाबांकडून ऐकलं आहे म्हणाला, बाबांना सगळं गाव पाठ आहे.

बकारामचं वल्हं पाण्यातच राहिलं.

"फिर अचानक हवा आ गई," नीतू म्हणाली. वाऱ्यानं बोट आडवी करून भिंतीवर घातली. ती फुटायला नको म्हणून खुशालनं उडी मारली, पाठ लावून ढकलायला लागला, आणि लाटेनं बोट उलटून मोटरीचं पातं मांडीत घुसलं. तरी त्यानं तिघांना एकेक करून भिंतीवर उभं केलं. अठी उभे रहा, म्हणाला, शाळा दगडाची आहे, पडणार नाही. मग खिशातून प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेला फोन काढून बापाला लावला.

"हमने बोला, भैया, ठीक से बताओ, पानीवाला स्कूल बोलो. फोन कट गया था. हमने बोला, फिर लगाओ, वो समझेंगे नहीं." तिनं आचलला छातीशी ओढलं. "तो हँस दिए. बोले, मेरे बाबा को एक ही स्कूल मालूम है. सीधा यहीं आएँगे."

भैय्यालालनं मान फिरवून बकारामकडे पाहिलं आणि लगेच परत समोर पाहायला लागला. त्यानंच तर गाडी वरच्या बाजूला नेली होती.

सडक अर्जुनीहून दवाखान्याची गाडी आली, खुशालला घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत घेऊन आली. क्रियाकर्म झालं. गोंदियाचं कुटुंब थांबलं होतं. इंद्रकुमारांनी खांदा दिला. लोक येत होते, बसत होते, जात होते. सगळे एकच बोलत होते. बकारामनं तं फोन आल्याबरोबर धाव घेतली. बापानं काही कसर ठेवली नाही. नशिबातच नव्हतं. बकाराम मान हलवत होता. भैय्यालाल कोपऱ्यात बसून होता, त्यानं कोणाला काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी अंगण रिकामं झालं. वादळात भिजलेली तेंदूची पानं भिंतीपाशी काळी पडून सडत होती. दुर्गेश्वरी आत पालथी पडून होती. रुख्मा उंबऱ्यावर बसली होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी संपलं होतं.

"फोन तूच उचललास ना?" तिनं विचारलं.

"हो."

"काय म्हणला माहा पोरगा?"

बकारामनं पटक्यानं तोंड पुसलं. "शाळेपाशी आहो म्हणला. लवकर ये म्हणला."

रुख्माला वाटलं अजून काही असेल. मग ती हळूच म्हणाली, "मंग इतका वेळ काऊन लागला? घाटावरून शाळा किती दूर हाय?"

तिला दुसरी शाळा सुचलीसुद्धा नव्हती. पोरगा पाण्यावर गेला होता, पाण्यावरून शाळेपाशी म्हणाला, म्हणजे शाळेपाशी. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

"मी सडकेवर गेल्तो, रुख्मा."

"सडकेवर?" ती त्याच्याकडे पाहतच राहिली. "सडकेवर कायले गेलास?"

बकाराम तिच्या पायांशी खाली बसला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला रडू फुटलं.

"मी त्याचं आयकलं व," तो म्हणाला. "त्यानं सांगतलं होतं, म्हणून मी त्याचं आयकलं."